भिशी माहीत असेल तर निम्मं काम सोपं

ताई, तुमच्या मुलीला केनियात, नैरोबीला, चर्चच्या सूक्ष्मकर्ज (गरजूंना छोटी कर्जं देणाऱ्या) संस्थेत तीन महिन्यांची इंटर्नशिप मिळालीय आणि 'प्रार्थनेला बसावं लागेल, आपल्यात चालेल का' ही तुमची काळजी वाचली. मी अशाच कामासाठी तिथं राहून आलोय, म्हणून लिहितो.

कर्ज घेणाऱ्या बायकांच्या गटाची बैठक प्रार्थनेनं सुरू व्हायची. मी हात जोडून शांत बसायचो. पहिल्या आठवड्यातच सांगितलं की मी हिंदू आहे, घरी अंबाबाईची पूजा असते. बायकांनी उलट देवीबद्दलच विचारलं. त्यामुळं लपवू नका, आधीच मोकळेपणानं सांगा.

काम मात्र आपल्याच गल्लीतलं वाटेल. तिथल्या बचत गटाला 'चामा' म्हणतात आणि आपल्या भिशीसारखी पाळीपाळीनं रक्कम उचलायची पद्धत तिथंही आहे. एकीचा कर्जाचा हप्ता चुकला तर बाकीच्या भरतात, म्हणून सगळ्यांना एकमेकींच्या घरचं माहीत असतं. पोर आजारी होतं म्हणून एकीचे पैसे राहिले, तेव्हा आधी सगळ्या 'पोले' म्हणाल्या, म्हणजे 'वाईट वाटलं गं', आणि मगच हिशोब काढला. ते मी विसरलो नाही.

हप्ते बरेचदा एम-पेसावर येतात. ही मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय तिथं २००७ पासून आहे, ती तिनं पहिल्याच दिवशी शिकून घ्यावी. ऑफिसात इंग्रजी चालतं, पण गटात स्वाहिलीच. निदान शंभर शब्द पाठ करून जाऊ दे.

जेवणाचं म्हणाल तर मक्याच्या पिठाचा उगाली आणि पालेभाजी. चपातीही मिळते. कांदा-लसूण मसाला तेवढा बरोबर द्या.