इन्व्हर्टर आपला, लॉगिन इन्स्टॉलरचं: सोलरचा डेटा ताब्यात कसा घ्यायचा?

छतवाला
घरावर ५ किलोवॅटचं ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या जाळ्याला जोडलेलं) सोलर आहे, नेट मीटरसह. इन्व्हर्टरच्या वायफाय डाँगलचं (आकडे कंपनीच्या सर्व्हरला पाठवणाऱ्या डबीचं) खातं इन्स्टॉलरने स्वतःच्या ईमेलवर उघडलंय, मालकाला नुसता पाहुण्याचा प्रवेश. ॲपमध्ये दिवसाचे युनिट दिसतात, पण दर पाच मिनिटांचे आकडे उतरवून घेता येत नाहीत. खातं नावावर कसं करायचं? आकडे कंपनीच्या सर्व्हरशिवाय घरीच साठवता येतात का? आणि कायद्याने हा डेटा कोणाचा?

तारजोड
आधी डाँगलवरच्या स्टिकरचा फोटो काढा. त्यावरचा अनुक्रमांक म्हणजे सगळ्याची किल्ली, कारण सर्व्हर तुम्हाला नाही, त्या नंबराला ओळखतो.

इन्स्टॉलरला 'शेअर करा' म्हणू नका, ते त्याने केलेलंच आहे. 'प्लांटची (म्हणजे ॲपमधल्या माझ्या सोलरच्या नोंदीची) मालकी माझ्या ईमेलवर वर्ग करा' असं लेखी कळवा. त्याचा प्रवेश देखभालीपुरता ठेवायला हरकत नाही. तो दाद देत नसेल तर स्टिकरचा फोटो, खरेदीचं बिल आणि वीजबिल जोडून उत्पादकाच्या सेवा विभागाला मेल करा. जुन्या खात्यातून डाँगल तेच सोडवू शकतात. त्याआधी जुना इतिहास महिन्या-महिन्याने सीएसव्हीत (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या फाइलीत) उतरवून मागा. घाईघाईत जुना प्लांट डिलीट करून नवा उघडला की आलेख बहुधा शून्यापासून सुरू होतो आणि मागचे आकडे गेले ते गेलेच.

आरएस४८५
घरी साठवता येतात, आणि माझ्या मते तोच खरा ताबा. बहुतेक स्ट्रिंग इन्व्हर्टरांना (ओळीने जोडलेल्या पॅनेलांसाठी एकच असणाऱ्या) आरएस-४८५ चा, म्हणजे तारेने आकडे वाचण्याचा, पोर्ट असतो. यूएसबी ते आरएस-४८५ कन्व्हर्टर, पिळाची जोडी असलेली केबल आणि रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) किंवा जुना लॅपटॉप एवढं पुरतं. सॉफ्टवेअरमध्ये भरायचं सेटिंग बहुधा वेग ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट, स्लेव्ह क्रमांक १. इन्व्हर्टर या तारेवर मोडबस नावाच्या भाषेत बोलतो आणि प्रत्येक आकडा एका क्रमांकाच्या खणात, म्हणजे रजिस्टरात, ठेवतो; उत्पादकाकडून त्या रजिस्टरांचा तक्ता मात्र मागून घ्या, अंदाजाने चालू नका.

अडतं कुठे? काहीच उत्तर येत नसेल तर आधी ए आणि बी तारा अदलून बघा. त्यांची नावं प्रत्येक उत्पादक आपल्या मर्जीने ठेवतो. आकडे येतात पण भलतेच, तेव्हा बहुधा रजिस्टरचा पत्ता एकने चुकलेला असतो: तक्त्यात मोजणी १ पासून, सॉफ्टवेअरमध्ये ० पासून. एकूण युनिट ३२ बिटांत, म्हणजे दोन रजिस्टरांत असतात. त्यांचा क्रम उलटा वाचला तर छतावर कोयना धरण बसवल्यासारखं उत्पादन दिसतं. डाँगल त्याच तारेवर असेल तर दोन मास्टर (प्रश्न विचारणारी यंत्रं) एकमेकांवर बोलतात आणि दोघांचेही निरोप फाटतात. अशा वेळी दुसरा पोर्ट शोधा.

रात्री बऱ्याच ऑन-ग्रिड इन्व्हर्टरांचा कम्युनिकेशन बोर्डही झोपतो, कारण त्याला वीज पॅनेलकडूनच मिळते. तेव्हाच्या रिकाम्या नोंदीला शून्य समजू नका, नाहीतर 'एकूण युनिट'चा आलेख रोज संध्याकाळी दरीत कोसळेल.

मोडबसच्या हुकमांचे क्रमांक म्हणजे फंक्शन कोड. ०३ आणि ०४ वाचायचे. ०६ आणि १६ लिहायचे, त्यांना हात लावू नका: ग्रिडच्या व्होल्टेज-फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा त्याच वाटेने बदलतात.

छतवाला
मग डाँगलचं इंटरनेटच राउटरवर बंद केलं तर?

आरएस४८५
वॉरंटीच्या अटी आधी वाचा. काही उत्पादक दूरून तपासणी करता यावी अशी अट घालतात. शिवाय सर्व्हर सापडला नाही की काही डाँगल पुन्हापुन्हा रीस्टार्ट होतात. बंद करण्यापेक्षा त्याला २.४ गिगाहर्ट्झच्या पाहुण्यांच्या नेटवर्कवर टाका, म्हणजे घरातल्या बाकी यंत्रांकडे त्याची नजर जाणार नाही.

कलम११
आता कायदा. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये 'डेटाची मालकी' असं काही नाही. कलम ११ नुसार तुमच्या वैयक्तिक डेटाचा गोषवारा आणि तो कोणाला दिला ते विचारता येतं, कलम १२ मध्ये दुरुस्ती आणि खोडणं. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही कलमं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. डेटा दुसरीकडे नेण्याचा हक्क २०१९ च्या विधेयकात होता, २०२३ च्या कायद्यात तो गळाला. म्हणून पाच मिनिटांचे कच्चे आकडे मागायला आज हाताशी ठोस कलम नाही. इन्स्टॉलरबरोबरच्या करारात एक ओळ घालून घेणं जास्त कामाचं.

म्युनिककर
इकडे युरोपियन संघात डेटा ॲक्ट १२ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. यंत्रातून निघालेला कच्चा डेटा वापरकर्त्याला फुकट आणि यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्यावा लागतो. तुम्ही सांगाल त्या तिसऱ्यालाही. तोच ब्रँड भारतात विकला म्हणून हा हक्क तिकडे लागू होत नाही, पण निर्यातीची सोय त्याच्या पोर्टलमध्ये असू शकते. मेनू नीट धुंडाळा.

तारजोड
एक राहिलं. आकडे कोण बघतो यापेक्षा हुकूम कोण सोडतो हे आधी तपासा. इन्स्टॉलरच्या खात्यातून इन्व्हर्टर बंद करता येतो, फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) बदलता येतं. मालकी वर्ग झाली की त्याच दिवशी त्याचे 'रिमोट सेटिंग'चे अधिकार काढा आणि इन्व्हर्टरचा मूळ पासवर्ड बदला. हा पासवर्ड बऱ्याचदा मॅन्युअलमध्ये छापलेलाच असतो.