मदत हवी आहे: पुरणपोळीनंतर पूर्ण बिर्कत की 'अल हामिहया'?

शालोम मंडळी. बेने इस्राएली (मराठी ज्यू) घरांसाठी जेवणानंतरच्या प्रार्थनेचं मराठी पत्रक करतोय, दोन जागी अडलंय.

गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट या 5 धान्यांची रोटी ऑलिव्हएवढी, म्हणजे साधारण 27 ते 30 ग्रॅम खाल्ली, की चार आशीर्वादांची पूर्ण बिर्कत हामाझोन, म्हणजे जेवणानंतरची मोठी प्रार्थना. चपाती त्यात आली. ज्वारीची किंवा तांदळाची भाकरी नाही. पोट भरलं तरी तिच्यानंतर फक्त 'बोरे नेफाशोत' हा छोटा आशीर्वाद. लोक भाकरीला सर्रास चपातीच्या पंगतीत बसवतात, घोळ तिथेच होतो.

आता पुरणपोळी. पारी कणकेची, आत गोड पुरण. सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीने गोड सारणाची कणीक केकच्या वर्गात, म्हणून नंतर 'अल हामिहया' हा एकच संक्षिप्त आशीर्वाद. पण तिचंच जेवण केलं तर पूर्ण बिर्कत. ही सीमा तुमच्याकडे कशी धरतात, वजनावर की पोट भरण्यावर? (सोबत चपाती खाल्ली असेल तर प्रश्नच मिटला, एका बिर्कतीत सगळं येतं.)

दुसरं, शब्बाथला (शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी) 'रेत्से', म्हणजे तिसऱ्या आशीर्वादात घालायचं शब्बाथचं जास्तीचं कलम, राहून गेलं तर. चौथा आशीर्वाद सुरू होण्याआधी आठवलं तर छोटा भरपाईचा आशीर्वाद. नंतर आठवलं तर पहिल्या दोन जेवणांना पुन्हा पहिल्यापासून. ही टीप तिसऱ्या आशीर्वादाखालीच छापू की शेवटी? शेवटी छापली तर वाचेपर्यंत वेळ निघून गेलेली असते.

जाता जाता: दिदाखे या सुरुवातीच्या काळातल्या ख्रिस्ती ग्रंथाच्या 10व्या अध्यायातही 'तृप्त झाल्यावर' म्हणायचे आभार आहेत. ख्रिस्ती पाहुण्यांसाठी ते मागच्या पानावर चालतील का?