झील ओढणे आणि री ओढणे

प्रश्न : ‘साहेबांनी आरोप केला आणि प्रवक्त्यांनी लगेच झील ओढली’ असं वाक्य वाचलं. ही झील पोवाड्यातलीच ना? मग तिला खुशामतीचा वास कसा लागला? ‘री ओढणे’ म्हणजेही तेच का?

— पोवाड्यातलीच. मागच्या साथीदारांनी लांबवलेला सूर, म्हणून झील आणि री एकाच घरातल्या. बोलण्यात मात्र री जास्त रुळली आणि ती बहुतेक टोमण्यातच येते. ‘झीलकरी’ हा शब्द अजून दोन्हींकडे चालतो, फडातही आणि राजकारणातही.

— मालवणीत झील म्हणजे मुलगा! ‘झील ओढली’ वाचून आमच्याकडे कुणीही पोराचा कानच धरील.

— टोमणा ठीक आहे, पण झीलकऱ्यावर त्यात अन्याय होतो. शाहीर डफ घेऊन पुढे उभा, मागे तुणतुणं आणि झांज. समजा ओळ अशी आहे : ‘दोर लावुनी मावळे चढले काळोख्या राती’. पोवाड्याची ओळ गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळची, भरभर सांगायची, शेवटाला शाहिराचा दम संपत आलेला. तिथे मागचे ‘काळोख्या राती’ उचलतात आणि ‘जी रं जी जी’ वर नेतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, डफावर थाप मारतो, समोरच्यांचे चेहरे बघतो आणि पुढची ओळ आणखी चढ्या सुरात टाकतो. झील पडली तर पोवाडा पडला. हांजी हांजी करणाऱ्याला एवढं काम कुठे असतं?

— शिवाय ऐकणाऱ्याच्या तोंडात राहतो तो पुन्हा पुन्हा येणारा भाग, सबंध कथा नव्हे. जोतीराव फुल्यांनी 1869 साली शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, त्यात ‘कुळवाडीभूषण’ हे विशेषण ध्रुपदातच घातलं. महाराज शेतकऱ्यांचे राजे, हे त्यांना ठसवायचं होतं. मधल्या एखाद्या चौकात, म्हणजे कडव्यात, एकदाच म्हटलं असतं तर वाहून गेलं असतं.

— अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाचंही तेच. साचा जुना, कथा नवी. अण्णा भाऊंनी 1943 मध्ये स्टालिनग्राडवर पोवाडा लिहिला. व्होल्गेकाठची लढाई मुंबईच्या कामगाराला डफ-तुणतुण्यावर सांगायची, ही कल्पनाच धाडसी. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी छक्कड हा लावणीचा प्रकार घेतला. गावी राहिलेल्या मैनेचा विरह सांगता सांगता बेळगाव, कारवार महाराष्ट्राबाहेर राहिल्याची सल त्यात आणली. लावणीचा बाज न सोडता! ती सभेत ऐकणाऱ्याला चाल आधीच ठाऊक होती, म्हणून तो सूर धरू शकला. परंपरा जिवंत ठेवणं म्हणतात ते मला इथे दिसतं. फेटा बांधून जुन्याच ओळी म्हणण्यात नाही.

— फेट्यावर राग नको. शाहीर साबळेंनी एकनाथांचं ‘विंचू चावला’ गायलं तेव्हा शब्द चारशे वर्षांपूर्वीचेच होते. गंमत उभी राहिली ती विव्हळण्यातून आणि आवाजातल्या अभिनयातून. विंचू म्हणजे कामक्रोध, हे रूपक माहीत नसलेली पोरंसुद्धा ते म्हणायची.

— मान्य. शब्द तसेच ठेवूनही ताजेपणा येतो. पण तो गळा साबळ्यांचा होता, हेही विसरू नका.

— मूळ प्रश्नाकडे येते. बातमीत टोमणा मारायचा असेल तर ‘री ओढली’ लिहावं, कुणाला अडत नाही. गाण्याबद्दल लिहिताना मात्र ‘कोरस’ऐवजी झील खुशाल वापरा. शब्द स्त्रीलिंगी आहे : झील धरली, झील ओढली, झील चांगली होती. छापील मजकुरात झीलकरी आणि झिलकरी दोन्ही दिसतात. एका लेखात एकच ठेवा म्हणजे झालं.