वसंताच्या स्वागतासाठी रोजचे लहान आनंद कसे टिकवावेत? मदत हवी आहे

नमस्कार. २० मार्चच्या सुमारास दिवस आणि रात्र जवळपास समान होतात आणि त्यानंतर उत्तर गोलार्धात दिवस रात्रीपेक्षा मोठा होत जातो. हा बदल मला दरवर्षी नव्या सुरुवातीची हाक वाटतो. गेली दोन वर्षे मी वसंतारंभी मोठे संकल्प केले आणि ते पंधरवड्यातच मागे पडले, म्हणून या वेळी रोज अनुभवता येतील असे लहान आनंदच निवडले आहेत.

सध्या मी उठल्यावर मोबाईल हाती न घेता दहा मिनिटे खिडकीपाशी उभी राहते. सकाळच्या उजेडाने शरीराचे घड्याळ बाहेरच्या दिवसाशी जुळते, हे एक कारण. पण समोरच्या झाडाची तांबूस पालवी दिवसागणिक हिरवी होताना पाहणे मला त्याहून मोलाचे वाटते. (कोवळ्या पानांतील अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य पान वाढताना कमी होत जाते.)

अडचण अशी आहे की, वहीत नोंद ठेवू लागताच या आनंदाचे कर्तव्य होते आणि एक दिवस चुकला तरी अपराधी वाटते. नोंद न ठेवल्यास आठवडाभरात विसर पडतो. आपल्यापैकी कोणी असा एखादा आनंद ऋतुभर जपला असेल, तर तो कोणत्या नित्याच्या कामाला जोडला होता आणि खंड पडल्यावर पुन्हा कसा सुरू केला, हे कृपया सविस्तर सांगावे. सायंकाळसाठीही काही सुचवावे. त्या वेळी मी थकलेली असते, त्यामुळे पूर्वतयारी न लागणारे असल्यास फार उपयोग होईल.