बोटीवर काय नेसलात? (क्रूझचे कपडे, फजिती आणि इतर)

चिंचगुळी

काल भाचीसाठी माळ्यावरची निळी बॅग काढली. ती आणि नवरा दिवाळीनंतर क्रूझला चाललेत. गेले आठ दिवस फोनवर एकच भुणभुण, "मावशी, फॉर्मल नाइटला काय घालू?" बॅगेच्या आतल्या कप्प्यात हात घातला तर पुठ्ठ्याच्या चौकटीतला फोटो निघाला. सासूबाई, जांभळं नऊवारी, नथ, आणि शेजारी चार सोनेरी पट्ट्यांचा कप्तान. मग काय, बॅग राहिली बाजूला.

२०१४चा मे. बार्सिलोनाहून सात रात्री. टूरवाल्यांनी कपड्यांची यादी पाठवली होती: दोन फॉर्मल (म्हणजे नटूनथटून जेवायला जायच्या रात्री), बाकी स्मार्ट कॅज्युअल. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे इस्त्रीचा टीशर्ट, असा आमच्या ह्यांनी अर्थ लावला. लग्नातला सूट काढला तर पोटावर दोन बोटं कमी. सासूबाई तेव्हा ७१ वर्षांच्या. त्यांनी यादी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "मी लुगडं नेसणार. चालत नसेल तर खोलीत बसून वरण-भात खाईन." वरण-भात कोण देणार होतं देव जाणे.

मी शहाणी, छोटी इस्त्री घेऊन गेले. बोटीवर आगीची भीती म्हणून इस्त्री चालत नाही, हे मला सिक्युरिटीच्या टेबलाशी कळलं. चिठ्ठी लावून ठेवून घेतली, शेवटच्या दिवशी रांगेत उभं राहून परत आणली. इकडे लुगड्याच्या घड्या अशा मोडलेल्या की बघवेना. आमची केबिन आवरणारा मुलगा गोव्याचा निघाला. छातीवरच्या बिल्ल्यावर नावाखाली 'भारत' लिहिलेलं पाहून सासूबाईंनी थेट मराठीतच सुरुवात केली. तो म्हणाला, "आजी, म्हाका दियात, हांव इस्त्री करून हाडटां." तासाभरात लुगडं कडक!

त्या संध्याकाळी लिफ्टमध्ये टिकल्यांचा गाऊन घातलेल्या एक इंग्रज बाई होत्या. नऊवारीकडे बघत बघत त्यांचा मजला निघून गेला. सासूबाईंना कळलं की लांबी विचारतायत. नऊ बोटं दाखवली. दुसऱ्या दिवशी फोटोंच्या भिंतीवर आमच्या सासूबाई मधोमध. एका फोटोची किंमत ऐकून ह्यांना घाम फुटला, पण घेतला.

तुमचे अनुभव लिहा. फजितीचे आधी.

मीठभाकर

आधी तो फोटो टाका.

वाटेवरचा_पारिजात

+१ फोटो. आणि नऊवारी नेसून लिफ्टमध्ये, वा आजी!

न्यूजर्सीची_नमू

पटकन लिहिते, कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यात. आम्ही इथल्या बेयॉनच्या धक्क्यावरून बर्म्युडाला गेलो होतो. नवऱ्याने मुद्दाम नवी कोरी बर्म्युडा शॉर्ट घेतली, म्हणे जिथे जायचं तिथला पोशाख. पहिल्याच रात्री मुख्य डायनिंग रूमच्या दारात अडवलं, "सर, रात्रीच्या जेवणाला फुल पँट." परत नऊ मजले खाली. तो चिडलाय, मुलं हसतायत.

खरी गंमत पुढे. हॅमिल्टनला उतरलो तर बँकेतून बाहेर पडणारे साहेब कोट, टाय, गुडघ्यापर्यंत मोजे आणि खाली चक्क गुलाबी अर्धी चड्डी! तिकडे तो ऑफिसचा रीतसर पोशाख आहे. नवरा त्यांच्याकडे बघून नुसता "बघ, बघ" करत होता. तिसरी शिट्टी, गेले.

चिंचगुळी

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). साहेबांचा फोटो काढलात का?

कट्ट्यावरचा_बंड्या

आमच्या बाबांची गोष्ट. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून केबिनबाहेर ठेवायच्या असतात, रात्रीतून उचलून नेतात आणि थेट धक्क्यावर मिळतात. बाबा शिस्तीचे. सगळं घडी करून, कुलूप लावून दहाच्या आत बॅग बाहेर. सकाळी उठले तर अंगावर बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा, बस. सगळ्या पँटी धक्क्यावर.

माझी ट्रॅक पँट त्यांना घोट्याच्या वर येत होती. वर आदल्या रात्रीचा ब्लेझर, कारण तो खुर्चीवर राहिला होता. असे ते इमिग्रेशनच्या रांगेत अर्धा तास उभे. आईने ओळख दाखवली नाही.

म्हणून भाचीला सांगा: पहिल्या दिवशी बॅग केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते, तेव्हा औषधं, पोहण्याचे कपडे, एक जोड हातातल्या पिशवीत. आणि शेवटच्या रात्री पँट. पँट विसरायची नाही.

सुगरण_शिकाऊ

जरा वेगळा प्रश्न, मेथकूट नेता येतं का बोटीवर?

मीठभाकर

ड्रेस कोडमध्ये मेथकूट! कपाळाला लावणार का?

सुगरण_शिकाऊ

अहो सासूबाईंना लागतं रोज. नवा धागा काढायचा कंटाळा आला.

खलाशीबुवा

सुगरणताई, घरचं शिजवलेलं बऱ्याच बोटी वर घेऊ देत नाहीत. बंद पाकिटातलं कोरडं सहसा चालतं. पण बंदरावर उतरताना खाण्याचं काही बरोबर नको, तिथले कस्टमवाले दंड करतात.

आता कपडे. मी मर्चंट नेव्हीत होतो, मालवाहू जहाजांवर जास्त, पण प्रवासी बोटीवरही पाच वर्षं काढली. लोक फॉर्मलला उगाच घाबरतात. सात रात्रींत साधारण दोन फॉर्मल असतात, बहुतेक करून ज्या दिवशी बोट बंदराला लागत नाही त्या दिवशी, म्हणजे लोकांना सजायला वेळ मिळतो. नको असेल तर वरच्या बुफेत साध्या कपड्यांत जेवा, कोणी हटकत नाही. काही जुन्या वळणाच्या ब्रिटिश बोटींवर मात्र संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बऱ्याचशा भागात तो नियम लागू असतो, तिथे बुकिंग करतानाच वाचून घ्या. पुरुषांना डिनर जॅकेट लागतंच असं नाही, गडद सूट चालतो, आणि आपला बंदगळा तर दिमाखात चालतो. साडीला मी कुठे नाही म्हटलेलं पाहिलं नाही.

आम्हा अधिकाऱ्यांची एक गंमत सांगतो. तांबड्या समुद्रात पूर्वी उकाड्याने जीव जायचा. वातानुकूलन नव्हतं तेव्हा जेवायला काळा कोट घालणं म्हणजे शिक्षा. म्हणून साहेबांनी पळवाट काढली: कोट नाही, टाय नाही, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, काळी पँट आणि कमरेला कमरबंद. याला 'रेड सी रिग' म्हणतात. तो कमरबंद मुळात आपल्याकडूनच गेला, शब्दासकट. आता बोट गारेगार असते, तरी हा वेश टिकून आहे.

बंदरकाठ

खलाशीबुवा, इंजिनियरच्या पट्ट्यांमधला जांभळा रंग टायटॅनिकवर बुडालेल्या इंजिनियरांची आठवण म्हणून आहे ना?

खलाशीबुवा

छान गोष्ट आहे पण दंतकथा. जांभळा त्याच्या कितीतरी आधीपासून होता. डॉक्टरचा लाल, पर्सरचा (बोटीचे हिशेब बघणाऱ्याचा) पांढरा. चिंचगुळीबाईंच्या फोटोत चार पट्ट्या आहेत म्हणताय, मधला रंग बघा. जांभळा असेल तर तो कप्तान नव्हे, चीफ इंजिनियर!

चिंचगुळी

अरे देवा. थांबा, चष्मा आणते.

लाल_माती

आमच्या लहानपणी एकच ड्रेस कोड होता: जुनं, फाटलं तरी चालेल असं. भाऊचा धक्का ते पणजी, 'कोकण सेवक'. मे महिन्यात अख्खी चाळ निघायची. डेकवर चटई अंथरून जागा धरायची, ट्रंक उशाला. ज्या बंदराला धक्का नाही तिथे बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडाव (होड्या) यायचे. बोटीतून हलत्या पडावात उतरायचं, खाली लाटा, वरून खलाशी ओरडतायत "उडी मार गो!" आजी लुगड्याचा काचा मारून, दातात बटवा धरून अशी उतरायची की आम्ही पोरं बघत राहायचो. आईची गोल साडी मात्र दर वेळी गुडघाभर भिजायची.

आणि नवे कपडे घालायचे नाहीत याचं खरं कारण दुसरंच. बोट लागायची ना सगळ्यांना.

वाटेवरचा_पारिजात

बोट लागायची म्हणजे बंदराला?

लाल_माती

तू मुंबईतच वाढलास वाटतं रे. बोट बंदराला लागली की आनंद, माणसाला लागली की शेजारच्याची चटई गेली. आलेपाक आणि लिंबू नाकाशी.

मीठभाकर

जेवताना वाचत होतो.

तांबडफुटी

आजोबांची आठवण आली. १९५६ साली अँकर लाइनच्या 'सर्कॅशिया'ने बॅलार्ड पिअरहून लिव्हरपूलला गेले, शिकायला. गिरगावातल्या शिंप्याकडून दोन सूट शिवून घेतले, एक काळा एक राखी. ट्रंकांना दोन तऱ्हेच्या चिठ्ठ्या लावायच्या: एक केबिनमध्ये हवी ती, दुसरी 'प्रवासात लागणार नाही' अशी, ती तळघरात. पहिल्या रात्री आजोबा काळा सूट, टाय, चकचकीत बूट करून जेवायला गेले. बाकी सगळे साध्या कपड्यांत! जुना रिवाज असा की पहिल्या आणि शेवटच्या रात्री कोणी सजत नाही, कारण ट्रंका उघडलेल्या नसतात किंवा बांधून झालेल्या असतात. हे कोणी सांगणार कसं? ते शरमले आणि दुसऱ्या रात्री राखी सूट घालून गेले, तर सगळे काळ्यात. हे ते सांगायचे तेव्हा आजी दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसायची.

खलाशीबुवा

तांबडफुटी, अगदी बरोबर. आजही पहिली रात्र बहुतेक बोटींवर साधीच असते.

ठाणेकर_ठमी

आम्ही मुंबई-गोवा क्रूझ केली, कॉर्डेलिया कंपनीची. आमचे बावीस जण, नणंदेच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, सगळ्यांना एकसारखे पिवळे टीशर्ट (मागे 'पाटील ॲट सी', ही दिरांची कल्पना. आमचं आडनाव पाटील नाही, स्वस्तात मिळाले). तिथे टायबिय काही लागत नाही, अर्धी बोट गरब्याच्या घागऱ्यात होती. पण डेकवरचा वारा! जॉर्जेटची साडी नेसून फोटोला उभी राहिले आणि पदर थेट मागच्या काकांच्या चहात. पिना न्या. भरपूर पिना. हलकं सिल्क, जॉर्जेट डेकवर नको, कॉटन किंवा जड काठाचं बरं. आणि केबिनच्या भिंती लोखंडी असतात, लोहचुंबकाचे हूक नेले की ओले टॉवेल, ओढण्या सगळं टांगता येतं. बाथरूम म्हणजे फोनचं बूथ.

सुगरण_शिकाऊ

पंचविसावा वाढदिवस लग्नाचा, समजायला दोनदा वाचलं. :)

हिमपंख

अलास्का कोणी लिहिलं नाही. क्रूझ म्हटलं की टोपी, गॉगल, फुलाफुलांचा शर्ट, हे डोक्यातून काढा. आम्ही जुलैत गेलो. हिमनदीसमोर बोट उभी राहते तेव्हा डेकवर वारा हाडात शिरतो, आणि नेमकं तेव्हाच दोन तास बाहेर उभं राहायचं असतं. जुनोला उतरून सगळ्यात आधी कानटोप्या घेतल्या. एक जाड कोट नेण्यापेक्षा पातळ तीन थर आणि वरून पावसाचं जाकीट. बायकोने फॉर्मल नाइटला पैठणीखाली थर्मल घातलं होतं, कोणाला कळलं नाही. आता कळलं.

हिमपंखची_हिमा

मी वाचतेय हं हे.

वाटेवरचा_पारिजात

मेला हिमपंख.

कॅरिबियन_काकू

घाईत. मुलाची ती लष्करी छापाची हिरवी-तपकिरी कार्गो पँट बार्बाडोसला बोटीवरच ठेवायला लावली. तिथे सामान्य माणसाने तसे कपडे घालणं कायद्याने बंद आहे, लहान मुलांनीसुद्धा. जमैकातही. आम्हाला कुठे माहीत. बॅगेत टाकायच्या आधी बघा.

बंदरकाठ

आणि रोमसाठी बोट चिवितावेकियाला लागते, तिथून व्हॅटिकनला जाणार असाल तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आमच्यातल्या एकीला दारात स्टोल गुंडाळावा लागला. ओढणी सगळ्यात कामाची वस्तू, कोणी काही म्हणो.

सरळ_बोलू

सुट्टीवर जायचं, लाखभर रुपये घालायचे आणि वर आम्ही काय घालायचं ते त्यांनी सांगायचं? आम्ही सातही रात्री बुफेत बर्म्युडावर जेवलो. काही बिघडलं नाही.

न्यूजर्सीची_नमू

माझा नवरा तुम्हाला भेटू इच्छितो.

मांडवी_काठार

मी त्या बाजूने लिहितो. गोव्याचा, अकरा वर्षं बोटीवर, आधी लाँड्री मग डायनिंग. आमच्याकडे घराघरांत एक तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, असतोच. मराठी शाळेत शिकलो म्हणून लिहू शकतो, चुका माफ.

तुमची फॉर्मल रात्र म्हणजे आमची दुपारपासूनची धावपळ. लाँड्रीत शर्टांचा डोंगर, सगळ्यांना सहाच्या आत हवे. दोन पंगती असतात जेवणाच्या. पहिली पंगत साडेआठला उठली की पाऊण तासात टेबलं परत नवी. पायातले बूट दर करारावर नवे लागायचे. त्या रात्री लोक आमच्याबरोबरही फोटो काढतात, म्हणून बो टाय सरळ हवा. साडीतल्या बायका आल्या की आम्ही आपले पोर आतून डोकावायचो. खोटं कशाला सांगू, घरची आठवण यायची.

आमचा स्वतःचा चांगला शर्ट बॅगेच्या तळाशी. सहा-सात महिन्यांत एकदा-दोनदा क्रू पार्टीला. बाकी बिल्ला आणि युनिफॉर्म, सुट्टीच्या तासातही पाहुण्यांच्या भागात फिरायचं तर बिल्ला हवाच.

चिंचगुळीताई, २०१४ मेमध्ये बार्सिलोना म्हणालात. कुठली बोट ते इथे नको, पण केबिनवाला मुलगा उंच, डाव्या भुवईवर खूण असलेला होता का?

चिंचगुळी

मांडवी_काठार, खूण होती! सासूबाईंनी विचारलं होतं, झाडावरून पडल्याचं सांगितलं होतं त्याने.

मांडवी_काठार

आंब्याच्या. माझा मावसभाऊ. आता घरीच आहे, म्हापशाला दुकान टाकलं. त्याला आत्ताच फोन केला. लुगडं आठवतंय म्हणतो, कारण लाँड्रीत ते पसरायला टेबल पुरलं नव्हतं, दोघांनी दोन टोकं धरली होती.

मीठभाकर

बापरे! काटा आला.

ठाणेकर_ठमी

काय तरी योगायोग. धागा वर राहू द्या.

चिंचगुळी

सासूबाईंना सगळा धागा वाचून दाखवला. आता ८०च्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, त्यामुळे मेथकुटाचा भाग तीनदा वाचला. दुकान कसलं आहे आणि त्याचं लग्न झालं का, हे विचारायला सांगितलंय.

आणि खलाशीबुवा, चष्मा लावून पाहिलं. जांभळा. दहा वर्षं आल्यागेल्याला कप्तानाबरोबर फोटो काढला म्हणून सांगितलं. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.

सुगरण_शिकाऊ

सांगू नका. मेथकूट बंद पाकिटातलं घेतलं.