माशातला पारा: गरोदरपणात मासे बंद करायचे का?

चैत्रपालवी:
नमस्कार मंडळी, वहिनीला चौथा महिना लागलाय. डॉक्टर म्हणाल्या मासे खा, बाळाच्या मेंदूच्या वाढीला चांगले, आणि इकडे फॅमिली ग्रुपवर रोज एक फॉरवर्ड येतोय की माशात पारा असतो, डायॉक्सिन असतं, बाळावर परिणाम होतो वगैरे. आई इतकी घाबरलीय की तिने घरात मासे आणणंच बंद केलं. काका म्हणतात मिठाच्या पाण्यात भिजवून नीट उकळले की पारा निघून जातो. वहिनी बिचारी मधल्यामधे अडकलीय. खरं काय ते कुणी नीट सांगेल का?

खोलपाणी:
ताई, काकांचं म्हणणं चुकीचं आहे आणि ते आधी थांबवा, कारण त्या भरवशावर माणूस कुठलाही मासा खातो. माशातला पारा बहुतेक मिथाइल मर्क्युरीच्या रूपात असतो आणि तो मांसातल्या प्रोटीनला चिकटलेला असतो, त्यामुळे धुवा, उकळा, तळा, कातडी काढा, तो तिथेच राहतो.

पण मासे बंद करायची गरज नाही, मासा कुठला ते बघायचं. कोळसा जाळल्यावर आणि सोन्याच्या छोट्या खाणींतून पारा बाहेर पडतो, पाण्यात पोचतो, तळच्या गाळातले बॅक्टेरिया त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात, ते प्लवकांत, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत जातं, प्लवक खाणाऱ्या माशात साठतं, त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात आणखी साठतं, आणि जो मासा वर्षानुवर्षं जगून दुसऱ्या माशांवर पोसला जातो त्याच्यात सगळ्यात जास्त. अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथलं अन्न आणि औषध प्रशासन) तपासण्यांत स्वॉर्डफिश आणि शार्कमध्ये किलोमागे सरासरी १ मिलिग्रॅमच्या आसपास पारा सापडला, तारलीच्या जातीच्या माशांत फक्त ०.०१३. आता हिशोब करा. डब्ल्यूएचओ-एफएओच्या तज्ज्ञ समितीने २००३ मध्ये ठरवलेली मर्यादा म्हणजे दर किलो वजनामागे आठवड्याला १.६ मायक्रोग्रॅम, ६० किलोच्या बाईला झाले ९६. शार्कचा १०० ग्रॅमचा एक तुकडा खाल्ला, म्हणजे साधारण १०० मायक्रोग्रॅम पारा, की आठवड्याचा कोटा संपला, तारली मात्र ७ किलो खाल्ली तरी तिथवर पोचत नाही!

शांतलाट:
खोलपाणी यांच्याशी सहमत, फक्त आईंची भीती उगाच आहे असं समजू नका, तिला कारण आहे. जपानमध्ये मिनामाटाला चिस्सो कंपनीच्या कारखान्याने वर्षानुवर्षं पारा खाडीत सोडला, १९५६ मध्ये आजार अधिकृतपणे नोंदला गेला आणि पारा सोडणं थांबलं १९६८ ला. आधी मांजरं झटके येऊन मरायला लागली, मग माणसं. सगळ्यात वाईट म्हणजे काही आयांना स्वतःला फारसा त्रास नव्हता पण त्यांची मुलं मेंदूला गंभीर इजा होऊन जन्मली, कारण हा पारा नाळेतून बाळापर्यंत जातो. तिथलं प्रमाण प्रचंड होतं, रोजच्या जेवणातल्या माशाशी त्याची बरोबरी नाही. पण पोटातल्या बाळासाठी नियम वेगळे का असतात ते यावरून कळतं. आणि ज्या बायका अजून प्लॅनिंग करतायत त्यांनी मोठे शिकारी मासे आधीच सोडावेत, कारण शरीरातला हा पारा निम्मा व्हायलाच साधारण दीड-दोन महिने लागतात.

गाळवाला:
सगळे पाऱ्याबद्दल बोलतायत, पण फॉरवर्डमध्ये डायॉक्सिन पण आहे ना, त्याचं गणित उलटं असतं. डायॉक्सिन (जाळण्यातून आणि कारखान्यांतून तयार होणारं विषारी रसायन) आणि पीसीबी (पूर्वी विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं तसंच रसायन) चरबीत साठतात. म्हणून तिथे कातडी, पोटाकडची चरबी काढून टाकली आणि जाळीवर भाजून तेल गळू दिलं तर प्रमाण खरंच कमी होतं. पीसीबीवर बंदी येऊन कितीतरी वर्षं झाली, २००४ पासून अशा टिकाऊ विषारी रसायनांवरचा आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारही लागू आहे, तरी गाळात ते अजून टिकून आहेत. त्यामुळे कारखान्यांचं सांडपाणी येणाऱ्या नदीतला किंवा तळ्यातला मासा गरोदर बाईला देऊच नये, मग तो कितीही लहान आणि ताजा असो. खेकड्याच्या आतला तपकिरी भाग पण टाळा, कॅडमियम हा विषारी धातू तिथे जमतो.

एक अजून, आर्सेनिकचे रिपोर्ट व्हायरल होतात त्यात बऱ्याचदा एकूण आर्सेनिक दिलेलं असतं. समुद्री माशातलं बहुतेक आर्सेनिक अशा सेंद्रिय रूपात असतं जे शरीर जवळजवळ तसंच लघवीतून बाहेर टाकतं. विषारी असतं ते असेंद्रिय, त्याचा आकडा वेगळा दिलाय का ते बघा.

चैत्रपालवी:
खूप खूप आभार, आईला हे सगळं वाचून दाखवलं, ती तारली आणायला तयार झालीय. आठवड्याला किती चालेल? आणि आई म्हणते त्यापेक्षा कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या दिल्या तर?

खोलपाणी:
कमी पाऱ्याचे मासे असतील तर एफडीएचा सल्ला आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅमचा आहे, दोन-तीन वेळा मिळून. कॉड लिव्हर ऑइल मात्र नको, त्यात व्हिटॅमिन ए भरपूर असतं आणि गरोदरपणात ते जास्त झालं तर बाळाला धोका असतो. गोळ्याच द्यायच्या असतील तर लिव्हरची नसलेली, शुद्ध केलेली फिश ऑइलची, ती पण डॉक्टरांना दाखवूनच.