साखर वाढली म्हणून चालायचे, पण कोणत्या हवेत?

चेंबूरकर : दिल्ली आणि चेन्नई येथील सुमारे १२,००० प्रौढांचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे आढळले की, हवेतील पीएम २.५ या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढली, तर टाइप २ मधुमेहाची जोखीम सुमारे २२ टक्क्यांनी वाढते. हे कण फुप्फुसांतून रक्तापर्यंत पोहोचतात, शरीरात मंद दाह सतत धुमसत ठेवतात आणि मग पेशी इन्सुलिनला दाद देईनाशा होतात, असे त्यामागचे स्पष्टीकरण दिले जाते. आपले राष्ट्रीय मानक या कणांची वार्षिक सरासरी ४० पर्यंत चालवून घेते; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती मर्यादा ५ वर आणली. तरीही साखर वाढलेल्या माणसाला भात कमी करा आणि रोज पाऊण तास चाला, एवढेच सांगितले जाते. मुंबईत माहुलला रिफायनरीच्या शेजारी किंवा देवनारच्या डंपिंग ग्राउंडलगत राहणाऱ्याने चालायचे तरी कुठे? आजाराचे सगळे खापर रुग्णाच्या जिभेवर आणि आळसावर फोडणे सोयीचे आहे, पण प्रतिबंधाचा पैसा आधी हवेवर खर्च व्हावा, असे माझे मत आहे.

दादरकर : असहमत. आपण दिलेले संशोधन निरीक्षणात्मक आहे; ते संबंध दाखवते, कार्यकारणभाव सिद्ध करत नाही. याउलट मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चेन्नईतील गटाने मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ जणांना चिठ्ठ्या टाकून गटांत वाटून चाचणी केली आणि २००६ मध्ये दाखवून दिले की, आहार आणि व्यायामाच्या सल्ल्याने जोखीम २८.५ टक्क्यांनी घटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ च्या अंदाजानुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि आणखी १३.६ कोटी लोक उंबरठ्यावर आहेत. त्यांनी हवा सुधारण्याची वाट पाहत वडापाव खात बसायचे का?

चेंबूरकर : माणसांना चिठ्ठ्या टाकून चांगली आणि वाईट हवा वाटून देता येत नाही, त्यामुळे अशी चाचणी कधी होणारच नाही. तंबाखू आणि कर्करोगाचा संबंधही मुख्यतः निरीक्षणांवरूनच प्रस्थापित झाला, आणि आज त्यावर कोणी शंका घेत नाही. शिवाय त्याच चेन्नईच्या चाचणीत सल्ला मिळालेल्यांपैकीही सुमारे ३९ टक्क्यांना तीन वर्षांत मधुमेह झालाच.

दादरकर : आणि सल्ला न मिळालेल्यांपैकी ५५ टक्क्यांना झाला, हे आपण सोयीस्करपणे गाळलेत.

गिरगावकर : हवेवर खर्च म्हणजे कोणाच्या खिशातून, हेही बोलायला हवे. उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले. धूर घातक आहे हे मान्य, पण भट्टी बदलण्याचा भुर्दंड लहान पाववाल्याने एकट्याने का सोसावा? दुसरीकडे, महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामांसाठी उंच पत्रे, पाण्याचा फवारा आणि बाहेर पडणाऱ्या ट्रकची चाके धुणे बंधनकारक केले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पुनर्विकास चालू आहे. तिथे चाके धुण्याचा चर आहे, पण तो कोरडा असून त्यात सिमेंटच्या रिकाम्या गोण्या टाकलेल्या आहेत, आणि डंपर त्यांच्यावरून निघून जातात. पाववाल्याला नोटीस लगेच मिळते, एवढे मात्र खरे.

दादरकर : गिरगावकरांशी पूर्ण सहमत, पण ही अंमलबजावणीची तक्रार झाली. आरोग्य खात्याच्या निधीतून डंपरची चाके धुवायची नसतात. त्या निधीने वस्तीतल्या दवाखान्यात साखर तपासावी, आणि फार तर रुग्णाच्या नोंदीपुढे त्याचा राहता पत्ता लिहून वॉर्डनिहाय हवेच्या आकड्यांशी ताडून पाहावे. तोवर सल्ला बदलण्याचे कारण नाही.

चेंबूरकर : निदान वेळ तरी बदला. हिवाळ्यात पहाटे वारा पडलेला असतो आणि धूळ-धूर जमिनीलगत कोंडून राहतो. दुपारी समुद्राकडून वारा सुटला की तो पांगतो. अशा दिवसांत पहाटेच चालायला सांगणे कितपत योग्य आहे?

दादरकर : आणि दुपारी तीन वाजता मुंबईत कोणता नोकरदार मोकळा असतो, तेही कळवावे.